लांबीचा रकाना

गगनबावड्याच्या वळणावर जेसीबीनं दरड ओढली
तेव्हा ते निघालं. आधी वाटलं, पाण्याचा पाइप.
मग पाइपानं अंग आक्रसलं.

बाबालाल टेलर गळ्यातली फीत घेऊन आले,
ब्लाउजांची.
"दोन फूट चार इंच. लिहा बाई."
लिहीपर्यंत तीन फूट झालं होतं.
"थांबा… आता पावणेतीन."
फीत झटकली त्यांनी. "गिऱ्हाईक पोट आत घेतं,
ते कळतं मला. ह्याचं काय कळंना."

कोल्हापुरात, कॉलेजच्या कपाटात एक आहे,
स्पिरिटमधलं, पांढरं. एक फूट नऊ इंच.
बावीस वर्षं तेवढंच.
चिठ्ठीवरचं अक्षर माझं.

इथं ओल्या अंगावर निळी झाक हलत होती,
डबक्यात डिझेल सांडावं तशी,
आणि कातडीतून दिसत होती
पुढं पुढं सरकणारी माती.

बाटली मी पिशवीतच ठेवली.
तोंड कुठलं ते न दाखवता
ते जांभ्याच्या भेगेत शिरलं.
अर्धं आत गेलं तरी
बाहेर उरलेलं
सगळंच्या सगळं वाटत होतं.

आतून बुडबुडल्यासारखा आवाज आला.
बाबालालनी फीत गळ्यात घातली,
वहीतला मोकळा रकाना पाहिला.
"थोडी माया सोडा, बाई," म्हणाले,
"वाढतं अंग हाय."