मधोमध सहा फूट

मधोमध सहा फूट, कडेला अडीच.
कायताननं टेप सोडली,
ती सळसळत डबीत शिरली.
ही खोली, पात्रांव, मांजराच्या मापाची.

सावर्ड्याला हे घर बांधलं तेव्हा खाणी चालू होत्या,
पैसा चालू होता, आणि नकाशावर
कौलांखालचा हा त्रिकोण कुणी मोजलाच नाही.
मग त्यात जमलं काय काय. नारळ. सोलांची बरणी.
विकलेल्या टिपरची ड्रायव्हर सीट
(टिपर गेला, ती का ठेवली ठाऊक नाही).
माटोळीची चौकट, चवथ ते चवथ
उताणी पडून असायची.

इथे थिएटर करूया, मी म्हटलं.
सुलक्षा हसली नाही.
माझ्या कपाळाकडे तेवढं पाहिलं तिनं.
वाशाचा पहिला टेंगूळ तिथे उगवत होता.

कायतानला डाव्या कानानं काहीच येत नाही,
उजव्यानं येतं, ओरडलं तर.
एकेचाळीस वर्षं रंध्याच्या मशीनशेजारी.
आवाज अडवायचं काम मलाच द्या, म्हणाला,
मला त्याची सवय आहे.

पोदेराकडून अंड्यांचे ट्रे आणले,
सोसायटीतून गोणपाटं,
आणि फळ्यांमागे काथ्या, काथ्या, काथ्या.
पंधरा दिवस आमच्या आमटीतही त्याची कुसळं.
काचेच्या कौलावरून मात्र भांडण झालं.
मला अंधार हवा, आणि सुलक्षा म्हणे,
ते एकच कौल मी स्वतः दुकानातून निवडून आणलंय,
वर हात लावायचा नाही.
कायताननं ऐकलं नाही त्यातलं काही,
पण दुसऱ्या दिवशी झाकण करून आणलं, बिजागरीचं.
दोरी ओढली की दिवस बंद.
सोडली की अकराच्या उन्हाचा चौकोन
जमिनीवर, जिथे पूर्वी नारळ असत.

पडद्याला चौकट हवी होती.
खोलीत एकच होती.
मधल्या पट्ट्या उपसल्या, पांढरं कापड ताणलं.
देवाची आहे ती, सुलक्षा म्हणाली,
आणि दुसरं टोक धरलं.

पहिल्या रात्री उंच माणसं मधोमध बसली.
मी टिपरच्या सीटवर, गुडघे हनुवटीशी.
शेजारची फिलू, सहा वर्षांची,
मुद्दाम कडेकडेनं चालत राहिली, ताठ.
तिला एवढी मोठी खोली अजून कुठे भेटली नव्हती.

सिनेमात वाळवंट. कुणीच काही बोलत नाही असा प्रसंग.
कायतान कोपऱ्यात, तळहात वाशावर टेकवून.
गाडी आली, म्हणाला.
आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं.
मग आलं. कोळशाची मालगाडी,
काथ्यातून, ट्रेमधून, गोणपाटातून,
त्या वाळवंटाच्या मधून गेली.
फिलूनं डबे मोजले. अठ्ठावन्न.
मी सगळ्यांची माफी मागितली, का कुणास ठाऊक.
कायताननं हात काढला नाही.
पुढचा सगळा सिनेमा त्यानं असाच पाहिला,
भांडण झालं की भुवया वर,
संगीत लागलं की बोटं जरा पसरलेली.

भाद्रपदात थिएटर पाच दिवस बंद.
चौकट खाली उतरली, पट्ट्या परत बसल्या,
तिच्यावर सुपाऱ्यांचे घोस, तोरिंगं, कांगलां,
आणि खाली उभं राहून मी वर पाहत राहिलो
जणू काही सुरू व्हायचंय.

विसर्जनानंतर पडदा परत चढला.
केवणीचा एक धागा कुठल्याशा खिळ्याला राहून गेला.
आता वाळवंट असो, न्यूयॉर्क असो, कुणाचं मरण असो,
उजव्या कोपऱ्यात त्याची बारीक सावली
पंख्याबरोबर हलते.
कात्री खालीच आहे, दुसऱ्या खणात.
परवा सुलक्षा ती आणायला उठली,
टेंगूळ घेऊन परत बसली.