पेच

गावाचं नाव पेच.
हंगेरीतले लोक ते अगदी असंच उच्चारतात.
आपल्या भाषेत त्याचा अर्थ काय होतो
हे एमेशेला सांगितलं, तेव्हा ती हसली नाही.
"मग बरोबरच आहे," म्हणाली,
आणि पुन्हा गॉगल चढवला.

तळघरात लेसर, शंभर वॅटचा.
त्याची एकेक ठिणगी इतकी आखूड
की पळ, विपळ, निमिष ही सगळी जुनी मापं
तिच्यापुढे अजगरासारखी सुस्त पडलेली.
ठिणगी स्फटिकात शिरते, स्फटिक थरारतो,
आणि त्या थरारातून निघते एक लहर.
उजेड म्हणावा तर दिसत नाही,
रेडिओ म्हणावा तर लागत नाही.
दोन्ही घरची पाहुणी,
म्हणून इतकी वर्षं उपाशी.
शंभर वॅट ओतावेत,
हाती यावेत वीस-तीस मिलीवॅट,
आणि तेवढ्यावर एमेशेने खोलीभर नाचावं.

अडचण चालण्याची आहे, ती सांगते.
स्फटिकात उजेड भराभर पुढे जातो,
लहर मागे रेंगाळते, दुप्पट जड पावलांनी.
अशी चुकामूक झाली
की आधीचं पाऊल पुढचं पाऊल पुसतं.
म्हणून बारीक रेघांच्या आरशावरून
उजेडाचं कपाळ तिरकं करून पाठवायचं.
त्रेसष्ट अंश.
धावायचं त्यानं तसंच,
पण त्याची कड मग लहरीबरोबर चालते.

व्हिल्मोश-बाची युरेनियमच्या खाणीत फिटर होते.
खाण बंद झाली तेव्हा पंपांसाठी
विद्यापीठाने त्यांना ठेवून घेतलं.
मेचेकचा चढ ते तिरके चढतात, गुडघ्यामुळे.
एमेशे पंचविशीची, सायकलवाली,
पण सकाळी त्यांच्याबरोबर येते तेव्हा
तीही तिरकी चढते, फोनवर बोलत,
आपण काही विशेष करतोय असं न दाखवता.

नोव्हेंबरात एका रात्री सिग्नल खचला.
आरसे पुसून पाहिले. द्रव नायट्रोजन पुन्हा भरला.
स्फटिकाला दिवा दाखवला, तडा नव्हता.
दोन वाजता पडद्यावर एक बुटकं शिखर,
आणि त्याच्यामागे बारीक थरथर,
संपता संपेना.
"नॉईज," मी म्हटलं.
"नाही. पाणी."

ही लहर पाण्याला पाण्यात पाहते.
कागदातून जाते, कापडातून जाते,
भिंतीच्या गिलाव्यातूनही बरीचशी जाते,
पण हवेतली वाफ तिला गिळते,
आणि गिळून झाल्यावर
किती तरी वेळ स्वतःशीच गुणगुणत राहते.
म्हणून तर ती पेटी, तो कोरडा वायू, ती झाकणं.
आणि आम्ही तिघं वाकून, चहाच्या तोंडानं,
त्याच पेटीवर श्वास सोडत
काय चुकलं त्याची चर्चा करत होतो.

बाचींनी चष्मा काढला.
वरचा ओठ पेटीच्या कडेला लावला
आणि सावकाश सरकवत नेला, कोपऱ्यापर्यंत.
खाणीत वारा असाच हुडकायचो, म्हणाले.
रबराची पट्टी तिथे बोटभर उचकटलेली.

ते टेप घेऊन आले, तेव्हा एमेशेने हात केला.
थांबा. एक माप असंच घेऊ.
फाईलला तिने नाव दिलं: हारमन.
म्हणजे, आपण तिघं.

मग फट बुजवली. थरथर विझत गेली,
शिखर उंचावलं, शेपूट सपाट झालं.
शोधनिबंधात तोच आलेख जाईल, जायलाही तोच हवा.
स्फटिक तीन आठवड्यांनी तडकला,
नवा यायला उन्हाळा उजाडला.

जुनी फाईल मी अजून कधी कधी उघडतो.
एक शिखर. त्यानंतर
चाळीस पिकोसेकंद आमचा श्वास.
उजेड तेवढ्यात चालतो
बोटाचं अर्धं पेर.