मालकाचा रकाना

साहेबानं चष्मा कपाळावर चढवला,
फॉर्मवर पेन टेकवून विचारलं,
"मालकाचं नाव?"

कोणत्या मालकाचं, साहेब?
मनीषनगरच्या स्लॅबवाला हप्त्याले पैसे देत होता, थोडे कापून.
बेसा रोडच्या डुप्लेक्सवाला नुसता फोनवर बोले.
वाठोड्याच्या नालीचं काम तं कोणाचं होतं
आमालेच माहीत नाही,
एक पोट्टा मोटारसायकलवर येऊन हजेरी लिहून नेत होता,
अजय नावाचा, नाहीतर विजय.

"मग वर्गणी कोण भरते?"
मी.
"म्हणजे, स्वतः?"
स्वतः म्हणजे मीच ना साहेब.
माह्या घरी दुसरं कोणी स्वतः नाही.

ह्या घ्या पावत्या.
पिठाच्या डब्यात तळाशी ठेवल्या होत्या,
पांढऱ्या झाल्या थोड्या, फुंकर मारा.
ही लग्नाआधीची, उत्पला भीमराव गजभिये.
ह्या दोन उत्पला रोशन मेश्राम.
बाई तेच हाये, डोक्यावरचं घमेलंही तेच.
ही शेवटची, नवतपातली.
आठवा महिना होता, कार्डाची तारीख संपून रायली होती,
कमाल चौकातल्या कॅफेवाला म्हणे,
सर्व्हर डाऊन हाये ताई, उद्या या.
मी म्हटलं, मी तं येईन,
तुह्या सर्व्हर येईल का ते सांग.
त्यानं स्टूल दिला. कूलर माह्याकडे फिरवला.
दोन तासानं पावती निघाली
अन् कूलरच्याच हवेनं उडाली टेबलाखाली.
मले वाकता येईना. त्यानंच काढून दिली.

नव्वद दिवसाच्या दाखल्यावर सही करायले
पाच ठेकेदार नाही म्हणाले.
सहाव्याच्या बायकोनं त्याले जेवता जेवता उठवलं,
तिचे तिन्ही सिझर झाले होते.

हे डागा दवाखान्यातलं कार्ड.
पोट्टी, दोन किलो चारशे.
हा चहाचा डाग माह्या सासूचा.

मग खिडकी जेवायले गेली.
आम्ही जिन्यावर बसलो.
घरी पोट्टी उठली असन,
कारण इथं माह्या ब्लाउज ओला झाला.
झेरॉक्सचा गठ्ठा छातीले धरला होता,
आधारची कोपरी भिजली,
फोटोतला माह्या गाल फुगला.
मागच्या बाईनं काही विचारलं नाही,
गळ्यातली ओढणी काढून मले देऊन टाकली
अन् पुन्हा आपले कागद मोजत बसली.

तीन वाजता, "अंगठा लावा."

इथंच अडते दरवेळी.
सिमेंटनं खाल्लेला अंगठा, मशीनले तो कोणाचाच वाटत नाही.
रेशनच्या दुकानात लिंबू चोळून पाहिलं,
केसाचं तेल लावून पाहिलं,
दुकानदार म्हणे, बाई, तुह्या बोटाले रेघाच नाही,
तुह्या नवऱ्याले पाठव.

पदराले पुसला. ठेवला.
हिरवा लाइट.
पहिल्याच फटक्यात.

साहेब पुढचा कागद उलटून रायले होते,
त्यायले त्यात काही विशेष वाटलं नाही.
मी अंगठा खिडकीच्या उजेडात धरला.
पाच महिने रेती नाही, गिट्टी नाही,
रोज सकाळी फक्त पोरीच्या पाठीवर तेल.
दुधावरच्या सायीले पडतात तशा बारीक
रेघा परत आल्या होत्या.

मालकाच्या रकान्यात साहेबानं आडवी रेघ मारली.
म्हटलं, रेघ नका मारू, माह्यं नाव लिहा.
"सिस्टिम घेत नाही."
बरं. रेघ तं रेघ.
पैसे कधी येतीन?
"मेसेज येईल."
फोन रोशनजवळ राहते, तो येते रात्री नवाले.

दिवाळी झाली की मी जाणार पुन्हा स्लॅबवर.
दोन महिन्यात हा अंगठा पुन्हा गुळगुळीत.
म्हणून घरी जाता जाता
रेशनच्या दुकानावर उतरली.
रांग लांब होती, पोट्टी वाट पाहून रायली होती,
तरी उभी रायली,
अंगठा मुठीत झाकून.