छाट

निपाणीहून सातची लाल बस.
बाया-पोरींना झिरो तिकीट.
यास्मिन मकानदार खिडकीशी, मी तिच्या शेजारी,
दोघींत एकच पुस्तक, व्यवसाय कायदा, जुनी आवृत्ती.
"मोबदल्याशिवायचा करार रद्दबातल," ती वाचते
आणि तिकिटावरचं शून्य माझ्या नाकासमोर धरते:
"मग आपला हा प्रवास गं?"
संकेश्वर येईतोवर आम्ही हसतो.
यमकनमर्डीच्या पुढं ती झोपते, तोंड उघडं,
डोकं माझ्या खांद्यावर.
तिच्या ओढणीला जर्द्याचा वास.
तो धुण्यानं जात नाही,
हे मला आमच्या घरातूनच माहीत आहे.

भूतरामनहट्टीच्या वर्गात हिरेकुडी मॅडम
कन्नडात हजेरी घेतात, इंग्रजीत शिकवतात
आणि आमचे चेहरे कोरे दिसले की
मराठीत थांबतात: "कळालं काय? नाही की."
कलम तेरा. दोन माणसं
एकाच गोष्टीवर, एकाच अर्थानं राजी झाली
म्हणजे संमती.
'एकाच अर्थानं' खाली मी रेघ मारली.
आमच्या भागात गावाच्या पाटीवरसुद्धा
एवढं कधी जमलेलं नाही.

माझे आप्पा विडी कारखान्यात चेकर. बत्तीस वर्षं.
पंचवीसचा कट्टा उचलतात, दाबतात,
डोळ्यांनी नाही, अंगठ्यानंच बघतात.
ढिली. लांडी. पान फाटकं.
हजारात साठ-सत्तर छाट.
छाटीची बुट्टी त्यांच्या डाव्या हाताला.
बाई काही बोलत नाही.
रिकामं सूप काखेला मारून पुढं सरकते.
ही संमती काय, मॅडम?

लहान असताना मी आप्पांचा डबा घेऊन जायची.
दार लागल्यावर ती बुट्टी कुठं जाते, बघितलंय मी.
त्याच विड्या, तेच लेबल, तोच भाव.
त्यातनंच आमच्या घरावरचा पत्रा, माझी सायकल,
पहिल्या सेमिस्टरची फी,
आणि बहुतेक हे पुस्तकही,
जे यास्मिनच्या मांडीवर असतं.
तिची आई त्याच रांगेत उभी राहायची.
यास्मिनला ठाऊक आहे. ती विषय काढत नाही.
मीही नाही.

आप्पा वाईट माणूस नाहीत.
हे लिहिताना माझा हात जरा जोरात चालतो.
मालक आकडा सांगायचा, एवढी छाट पडायलाच पाहिजे.
आप्पा आकडा भरायचे.
आता त्यांचा अंगठा सुन्न असतो,
पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा फिरत नाही.

नीतीच्या पेपरात उदाहरण आलं:
माल नाकारला, पण ठेवून घेतला. चर्चा करा. दहा गुण.
यास्मिनचं पेन थांबलं. माझंही.
वर पंखा तेवढा कुरकुरत होता.
मग आम्ही एकमेकींकडं न बघता
लिहायला लागलो.
मी कलम सत्तर टाकलं. फायदा ज्यानं घेतला,
भरपाई त्यानं द्यावी.
नाव टाकलं नाही, गाव टाकलं नाही.
अंगठा टाकला होता, तो खोडला.

मला नऊ. तिला आठ.
ती पेपर घेऊन टेबलाशी गेली.
"दोन कशाला कापले, मॅडम?"
मॅडमनी चाळला. "अक्षर. आणि थोडं लांबलं."
"कापलेले कुठं जातात?"
मॅडम हसल्या. "कुठं जाणार गं? काय प्रश्न हा."
यास्मिन हसली नाही.

परतीच्या बसला खिडकी तिनं मला सोडली.
कंडक्टरनं शून्याची दोन तिकिटं दिली.
काकती गेलं, हत्तरगी गेलं,
ती जागीच होती.

रात्री आप्पांनी विचारलं, "किती पडले?"
"दहापैकी नऊ."
"वा. आणि एक कुठं गेला?"

मी त्यांच्या हातातली बाटली घेतली,
झाकण फिरवलं,
आणि परत दिली.