पाय न उचलता

स्वॉन्झीत, चष्म्याचं दुकान आणि बंद पडलेली बँक
यांच्या मधे आमचं ऑफिस.
खुर्च्या चार, त्यातली एक कायम ओली,
कारण येणारा प्रत्येक जण छत्री तिच्यावरच टेकवतो.
मी इथे डोंगर विकते.

माणशी दोन हजार तीनशे पौंड, अकरा रात्री,
नाश्ता धरून, विमा वेगळा.
'ईशान्येचे उत्सव' हे माहितीपत्रक मीच लिहिलं,
मी, अकोल्याची,
गुवाहाटीच्या पुढे नकाशावर बोटसुद्धा अडखळतं माझं.
तरी लिहिलं : निसर्गरम्य, रंगीबेरंगी, अविस्मरणीय.
तीन विशेषणांत सात राज्यं कोंबली,
वर पिसांच्या टोपातल्या एका म्हाताऱ्याचा फोटो,
त्याचं नाव कुणी विचारलेलं नाही.

मिसेस प्रिचर्ड, वय एक्क्याऐंशी, विचारत होत्या
मुळांच्या पुलाला कठडा असतो का,
आणि पाऊस फार का तिकडे.
त्यांच्या रेनकोटचं पाणी माझ्या की-बोर्डावर टपकत होतं.
नोव्हेंबरात नाही, म्हटलं. शक्यतो.

तेवढ्यात ती आली. दाफी नॉन्गरूम.
रात्रपाळी अजून डोळ्यांत, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र.
तिकीट हवं, जायचं-यायचं. कुठे?
शिलाँगपासून थोडं पुढे, स्मित.
मी हसले. म्हटलं, आमच्या भाषेत याचा अर्थ
मी आत्ता जे केलं ना, तो.
तीही हसली, आणि वाट बघता बघता
माझं माहितीपत्रक वाचू लागली.

'बेभान होऊन नाचणाऱ्या युवती.'
बेभान? तिनं विचारलं. कोण?
तुम्ही. म्हणजे, तुमच्याकडच्या.
तिनं पर्स ओल्या खुर्चीवर ठेवली
आणि उभी राहिली आमच्या करड्या गालिच्यावर,
हात सरळ खाली, नजर जमिनीला.
मग काहीच झालं नाही.
बराच वेळ काहीच झालं नाही,
फक्त ती प्रिंटरच्या थोडी जवळ होती.
बोटं पुढे सरकत, टाच त्यांच्यामागे,
पाऊल जमिनीला सोडत नव्हतं,
जसं तांदळातून बोट फिरवावं.
मिसेस प्रिचर्डनी कप खाली ठेवला, आवाज न करता.

डोक्यावर मुकुट असतो, ती म्हणाली, मान हलवायची नाही.
भोवतीनं पुरुष तलवारी घेऊन नाचतात,
फोटो त्यांचे चांगले येतात.
आणि तुम्ही?
आम्ही असतो.

पासपोर्टवरचं नाव टाइप करताना तिनं आपणहून सांगितलं :
आमच्यात घर धाकट्या मुलीचं.
घर, पूर्वजांचं सगळं, आणि आईचं म्हातारपण.
धाकटी मी.
आणि मी इथे
दुसऱ्यांच्या आया दर दोन तासांनी कुशीवर वळवते.
मी थोरली, मी म्हटलं.
आमच्यात घर कुणाचं हे मुलींनी विचारायचं नसतं.
खिडकीची सीट दिली तिला. जास्तीचे पैसे लावले नाहीत.

डिसेंबरात ती परत आली, हातात बिस्किटांचा जुना डबा.
उघडू दिला नाही मी. कानाशी धरून हलवला.
भुलाबाईची गाणी संपली की आम्ही असंच करायचो,
खिरापत ओळखा, नाही तर मिळणार नाही.
शेंगदाणे खुळखुळतात, लाडू गडगडतात,
साखरफुटाणे लगेच चुगली करतात.
हा आवाज मात्र मऊ होता, जड,
कुणीतरी झोपेत कूस बदलल्यासारखा.
हरले, म्हटलं.
गूळ आणि तांदूळ, ती म्हणाली. आईनं तळलेत.
आई कशी आहे, हे विचारायला मी तोंड उघडलं
तर त्यात एक घास होता.

माहितीपत्रकाची नवी आवृत्ती छापायची आहे.
'बेभान' खोडलं. तिथे काय लिहावं, सुचत नाही.
मिसेस प्रिचर्ड दर आठवड्याला फोन करून
कठड्याचं विचारतात.
आणि संध्याकाळी शटर ओढण्याआधी, दिवे घालवून,
मी त्या गालिच्यावर उभी राहून बघते,
खुर्चीपासून प्रिंटरपर्यंत.
टाच उचलली जाते.