कालवं सोलणारीची झडप

सासूचं नाव बोंग-छी.
म्हणजे: झालीच आहे, तर वाढवू.
आमच्याकडे मेकाँगच्या काठीही असल्या मुली होत्या,
नावं वेगळी, एवढंच.

लग्न होऊन तैवानला, फांगयुआनच्या या किनाऱ्यावर आले,
तेव्हा सुरी धरायला तिनंच शिकवलं.
बिजागरीत टोक, मनगटाला एक हिसका,
आतल्या जिवाला ओरखडा न येता
शिंपला उघडला पाहिजे.
दारापुढचा ढीग खिडकीपर्यंत चढायचा.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार
तिला स्कूटरवर मागे बसवते, दवाखान्यात नेते.
अकरा वर्षं झाली.
यंत्र चार तासांत गाळायचं ते गाळतं.
जे गाळलं जात नाही, ते जातं कुठे?
मी विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही.

गेल्या महिन्यात नळ्या लावलेल्या असतानाच
तिचे डोळे फिरले.
दाब साठावर. पाय वर, सलाइन,
धावत आलेल्या नर्सची एक चप्पल दारातच राहिली.

डॉक्टर श्यू तरुण आहे, सावकाश बोलतो.
काळ्या पडद्यावर त्यानं झडप दाखवली, तीन पाकळ्यांची,
दिवसातून लाखभर वेळा उघडायची आणि मिटायची.
हिची उघडतच नव्हती धड.
कडांना पांढरे खडे.
"चुना," तो म्हणाला.
"किडनी फॉस्फरस बाहेर टाकत नाही,
तो रक्तात राहतो, कॅल्शियमला धरतो,
आणि जिथे जागा मिळेल तिथे बसतो.
किडनी धड असती, तर याला कितीतरी वर्षं लागली असती."

सासू पडद्याजवळ सरकली.
"जुनं कालव आहे," म्हणाली.
"असलं सुरीनं उघडत नाही. टाकून द्यावं लागतं."

त्या रात्री मी गोळ्यांचा डबा उलटा करून पाहिला.
फॉस्फरस धरून ठेवायच्या गोळ्या,
जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर दोन,
रोज मीच तिच्या तळहातावर ठेवल्या होत्या.
डब्यावर शिंपल्याचं चित्र.
आतली पूड शिंपल्याचीच.
डॉक्टर म्हणाला, आता दुसऱ्या देऊ,
तुमची चूक नाही, तेव्हा त्याच देत होतो.
बरं, म्हटलं.
बरं म्हणायला काय लागतं.

नवी झडप मांडीतल्या शिरेतून वर सरकवतात,
छाती उघडावी लागत नाही.
ती गाईच्या हृदयावरच्या पिशवीची असते.
हे ऐकलं आणि सासूनं मान खाली घातली.
तिच्या बापाचा बैल ओहोटीच्या चिखलातून
कालवांची गाडी ओढून आणायचा, पोटापर्यंत पाण्यात.
गोमांसाच्या सूपाचं दुकान आलं की
ती अजून रस्ता ओलांडते.
"आणि तीही कडक होणार," श्यू म्हणाला,
लपवलं नाही त्यानं.
"डायलिसिसवाल्यांची जरा लवकर होते.
किती लवकर, ते सांगता येत नाही."

संध्याकाळी ती शेजारच्या गोठ्याशी जाऊन उभी राहिली.
डावा हात, ज्यात शीर आणि धमनी जोडली आहे,
तो बैलाच्या मानेवर.
त्या हाताला कान लावला की घरघर ऐकू येते.
छातीला लावला की दुसरी, खरखरीत.
बैल हलला नाही.

"विचारून ये," ती म्हणाली.
"ज्या गाईची आहे, तिला नाव होतं का?"

शुक्रवारी विचारलं. डॉक्टर हसला नाही.
म्हणाला, नंबर असतो.

घरी येऊन मी सांगितलं, होतं.
काय?
माझ्या तोंडून माझ्याच बहिणीचं नाव निघालं, उत,
आमच्या घरचं शेंडेफळ.
सासूनं ते दोनदा उच्चारून पाहिलं, जरा वाकडंच.
मग सुरी ठेवली,
हात पदराशी पुसावेत तसे गाऊनला पुसले,
आणि कागद कुठाय, विचारलं.