डावं मडगार्ड

हेब्बार साहेब बंगळुरूहून आले,
सोबत एक विजेरी, एक भिंग
आणि सुती रुमालात बांधलेलं लोहचुंबक.
सियागंजातल्या आमच्या शेडबाहेर त्यांनी चपला काढल्या.
दादा म्हणाले, "राहू द्या हो, आत सगळं ऑइलच सांडून राहिलंय."
ते अनवाणीच आले.

पॅकार्ड. सन सदतीस. बारा सिलिंडर.
कापडी टप मागे दुमडला
की बसणारा अख्ख्या गावाला दिसावा, अशी.
उजव्या स्टिअरिंगच्या म्हणे तीनच निघाल्या.
एक बोटीसकट बुडाली,
एक परदेशात कुठे दोरीपलीकडे उभी आहे,
आणि तिसरीच्या मागच्या सीटवर
मी आठवीची भूमिती केली,
कारण घरात दिवा एक होता, शेडमध्ये दोन.

गाडी भागवतकर जहागीरदारांची.
जहागीर गेली, दुरुस्तीची बिलं तुंबली,
शेवटी बिलांच्या बदल्यात गाडीच दादांच्या गळ्यात पडली.
आई म्हणायची,
लोकांचे नवरे पगार आणतात, आमच्यांनी जहाज आणलं.

साहेब सतरंजीवर उताणे झाले, गाडीखाली गेले.
इंजिनाचा आकडा, चॅसीचा आकडा,
बॉनेटखालच्या पट्टीवरचा आकडा.
पत्रिका जुळवावी तसं चाललं होतं.
"जुळतंय," आतून आवाज यायचा, "हेही जुळतंय,"
आणि दर वेळी आवाज थोडा जास्त ओला.
बाहेर आले तेव्हा कपाळाला ग्रीस,
आणि साठीच्या माणसाच्या तोंडावर
पतंग कापून आणलेल्या पोराचं हसू.
सीटच्या कातड्याला नाक लावून
ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.
मी दुसरीकडे पाहिलं.

मग लोहचुंबक.
उजवं मडगार्ड, टक.
दारं, टक, टक. डिकी, टक.
डावं मडगार्ड.
चुंबक घसरलं, फरशीवर पडलं.

"पुट्टी?"
दादांनी पाना उचलला, पुसला, पुन्हा ठेवला.

साहेब परत खाली गेले. विजेरी हलत होती.
अडखळत, एकेक अक्षर:
"सौ. द्वारका... हीस... मामांकडून... शके अठराशे पंच्याऐंशी.
हा कुठला नंबर?"

तेव्हा दादा बोलले, मडगार्डकडेच बघत.
पासष्ट साल. पत्र्याला परमिट लागायचं.
जहागीरदारांच्या मुलीची वरात परवावर आलेली,
आणि इथे गंजून नुसती चाळण.
घरात पितळेचं घंगाळ होतं.
विचारलं नाही तिला.
ठोकलं रात्रभर.

(वरात झोकात निघाली, असं सगळे सांगतात.
आई पुढची चाळीस वर्षं
आंघोळीचं पाणी डालड्याच्या डब्यात विसणायची.
दसऱ्याला शेडमधल्या पान्याला हळदकुंकू,
पंपाला हळदकुंकू, शेजारच्याच्या लुनालाही.
या गाडीला नाही.)

"मूळचं नाही," साहेब म्हणाले. अगदी हळू म्हणाले.
"काढावं लागेल."
आकडा खाली आला.
किती, ते सांगत नाही, भाऊ अजून चिडतो.
आई जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.
दादांनी सही केली आणि विचारलं,
काढलेला तुकडा टपालाने पाठवाल का.
साहेबांनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.
टपालाने काही आलं नाही.

यंदा जुन्या गाड्यांची फेरी लालबागेवरून निघाली.
दादांना घेऊन रस्त्याकडेला बसले, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.
आली ती. गडद हिरवी, टप उघडा,
काचेवर पाटी: सर्व भाग मूळचे.
साहेब चालवत होते. आम्हाला त्यांनी पाहिलं नाही,
किंवा पाहिलं.

समोरच्या गतिरोधकावरून गाडी हळूच उतरली.
दादांनी माझं मनगट धरलं.
"वाजलं," म्हणाले.

दादांच्या कानाचं मशीन
त्या दिवशी घरीच राहिलं होतं.
मला तर पोहेवाल्याच्या झाऱ्याशिवाय
काहीच ऐकू आलं नव्हतं.